आण्णांचा खोकला

(पत्र सात पानी होतं. लिहिणारीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा गाभा इथे दिला आहे.)

पत्रलेखिका 28 वर्षांची, मूळची कोल्हापूर जिल्ह्यातली. चार वर्षांपासून अंधेरीतल्या एका स्टुडिओत फोली आर्टिस्ट आहे. म्हणजे पडद्यावरच्या माणसांची पावलं, कपड्यांची सळसळ, भांड्याकुंड्यांचे नि दाराखिडक्यांचे आवाज, पडदा बघत बघत स्वतः करून रेकॉर्ड करते. तिच्या एका मैत्रिणीने गावातल्या जुन्या चप्पल कारागिरावर 40 मिनिटांचा माहितीपट केला आहे. त्यांना आपण आण्णा म्हणू. कोल्हापुरी चपलेच्या तळात, चामड्याच्या दोन थरांमध्ये विंचू नावाच्या झुडपाच्या बिया बसवून करकर वाजणाऱ्या चपला करण्यात आण्णांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. चित्रीकरण संपलं आणि तीन महिन्यांत आण्णा गेले. एडिटिंगला बसल्यावर कळलं की आवाज जवळजवळ सगळा वाया गेला आहे. दुकानाला लागून पिठाची गिरणी, आणि अंगणातल्या शॉटमध्ये माइकवर वारा. मुलाखत वेगळ्या माइकवर घेतली होती म्हणून तेवढी वाचली. बाकीचे आवाज तू नव्याने करून दे, अशी मैत्रिणीने गळ घातली आहे. हातोडी, रापी, चामडं, पावलं, करकर. "आणि तो खोकलापण कर ना. तुला जमेल, तू लहानपणापासून ऐकलायस."

आण्णांचा मुलगा रिक्षा चालवतो. भेटला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आण्णांचा आवाज हाय न्हवं त्यात? तेवढा ऐकायला मिळाला तरी बास." तेव्हापासून हिला झोप नाही. मागे वडील स्टुडिओ बघायला आले होते. ते एसटीतून निवृत्त झालेले चालक. कॉर्नफ्लोअरच्या पिशवीतून बर्फ वाजताना बघून ते म्हणाले होते, "म्हंजे सगळं खोटंच की गं!" तेही आता परत परत आठवतं. ती विचारते: "काम घेऊ की नको म्हणू? गेलेल्या माणसाची पावलं माझ्या पायांनी वाजवणं ही फसवणूक नाही का? आणि ही फसवणूक असेल, तर मी रोज करते ते काय?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात हातोडीला दोन ओळी आहेत आणि खोकल्याला दीड पान. पावलांबद्दल तू कासावीस आहेस, पण खोकल्याबद्दल लिहिताना तुझं अक्षरच बदललंय. म्हणजे या दोन गोष्टी सारख्या नाहीत हे तुला आतून कळलेलं आहे. फक्त खोकल्याची टोचणी तू सगळ्या कामावर पसरवून बसली आहेस, पार रोजच्या नोकरीपर्यंत. आधी हा गुंता सोडवू.

मी ज्या बाजूने बोलते आहे तीही सांगून टाकते. उमेदीची बरीच वर्षं मी नाटकाच्या विंगेत काढली आहेत. ऐतिहासिक नाटकांतले घोडे करवंट्यांचे, पाऊस सुपात फिरवलेल्या हरभऱ्यांचा आणि वीज लोंबत्या पत्र्याची. एका प्रयोगाला त्या पत्र्याच्या कडेने माझा तळवा चिरला आणि सोडता न आल्यामुळे वीज चांगलीच लांबली. प्रेक्षकांना ती आवडली. तेव्हा तुझ्या धंद्याकडे तिऱ्हाईतपणे बघणं मला जमणार नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाच.

तू एक गोष्ट न तपासता धरून चालली आहेस. त्या दिवशी माइकने टिपलं ते खरं आणि तू मागाहून करशील ते खोटं. पण माइकने टिपलं काय? अंगणातली ती फडफड घे. वारा माइकच्या पडद्यावर आदळल्याने ती उमटली. अंगणात बसलेल्या एकाही माणसाच्या कानावर ती पडली नव्हती. रेकॉर्डिंग शंभर टक्के अस्सल, आणि तसा आवाज त्या अंगणात कुणी ऐकलेलाच नाही! दुकानातही तेच. आण्णांसमोर पाटावर बसलेल्या माणसाचा कान गिरणीला थोडं मागे सारून रापीची खरखर पुढे घेत होता. कान निवड करतो. माइक करत नाही, त्याच्यासाठी गिरणी आणि रापी सारख्याच मानाच्या. ही निवड नंतर कुणीतरी माणसाने करावी लागते, आणि शंभरएक वर्षांपासून ती कुणी ना कुणी करत आलं आहे. 1929 मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत 'शो बोट' हा मूकपट म्हणून काढलेला सिनेमा बोलपटांच्या लाटेत सापडला आणि त्याला मागाहून आवाज जोडायची वेळ आली. ते करणाऱ्यांत जॅक फोली होते. पडद्यावर चित्र चालू ठेवून त्याच्या तालात आवाज करायचे ही त्यांची रीत. तुझ्या कामाला त्यांचंच आडनाव लागलंय.

आपल्याकडे तर कित्येक दशकं सिनेमाचा जवळजवळ सगळाच आवाज मागाहून यायचा. कॅमेरा घरघरायचा, सेटवर गलका, म्हणून नट स्टुडिओत येऊन आपलेच संवाद पुन्हा म्हणायचे आणि इफेक्टवाली मंडळी त्यांच्याऐवजी चालायची. 2001 च्या 'लगान'साठी नकुल कामटे यांनी सेटवरच आवाज घेतला तेव्हा त्याचं केवढं अप्रूप वाटलं होतं. सेटवर आवाज घेणं रुळलं तरी तुमचं काम संपलं नाही. त्याचं कारण तुला माहीत आहे, इतर वाचकांसाठी सांगते. सिनेमा दुसऱ्या भाषेत डब करायचा तर मूळ संवाद काढावे लागतात, आणि त्याच माइकवर आलेली पावलं, बांगड्या, कपबशा संवादांबरोबर निघून जातात. त्या रिकाम्या जागेत कुणीतरी पुन्हा चालून दाखवायचं असतं. एका सिनेमाच्या पाच भाषा होतात त्या अशा चालण्याच्या जोरावर.

आता आण्णांकडे बघ. चपलेला आपोआप करकर येत नाही. तूच लिहिलं आहेस की ते तळात बिया बसवायचे. कशासाठी? पाय झिजू नये म्हणून नव्हे, चामडं टिकावं म्हणूनही नव्हे. माणूस वळणावरून यायच्या आधी त्याची ऐट वळणावरून यावी म्हणून. ज्यांच्या बाबतीत खोटेपणा होईल म्हणून तू घाबरली आहेस, ते आण्णा आयुष्यभर चपलांना आवाज लावत होते! तुमच्या गल्लीतला पहिला साउंड इफेक्टवाला माणूस तोच.

पण थांब, एवढ्यावर तुला मोकळं करणार नाही. आण्णांकडून चप्पल घेणाऱ्याला ठाऊक असायचं की करकर बसवलेली आहे. ती हवी म्हणूनच तो पैसे मोजायचा. कथापटाचंही तसंच. 1977 च्या 'स्टार वॉर्स'मधल्या प्रकाशाच्या तलवारीची गुणगुण बेन बर्ट यांनी जुन्या प्रोजेक्टरच्या मोटारीच्या आणि टीव्हीच्या नळीच्या आवाजातून घडवली. तिला खोटं कोण म्हणणार? ती तलवारच जगात नाही. तिकीट काढणाऱ्याने 'मला गोष्ट सांगा' एवढंच म्हटलेलं असतं. तेव्हा तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं, 'मी रोज करते ते काय' याचं उत्तर मी इथेच देऊन टाकते: ते नट करतो तेच काम आहे. तिथे अपराधी वाटून घेऊ नकोस.

माहितीपट बघणारा मात्र वेगळ्या बोलीवर बसलेला असतो. हे घडलं, असं त्याला सांगितलेलं असतं. वन्यप्राण्यांच्या फिल्म आठव. कॅमेरा लांब पल्ल्याची भिंग लावून शेकडो मीटरवरून चित्र घेतो. तेवढ्या अंतरावरून अस्वलाच्या पंजाखालचा बर्फ ऐकूच येत नाही. मग कुणीतरी तुझ्यासारखंच कॉर्नफ्लोअर दाबतं. प्रेक्षकाला हे पुढे कुठेतरी कळतं तेव्हा तो चिडतो. पंजा बर्फात पडला हे खरंच असतं, तरी चिडतो, कारण त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून प्रत्येक आवाजाला मी असं विचारीन: हा आवाज प्रेक्षकाला काय पटवून देतो, आणि ते खरं आहे का? हातोडी पडताना दिसते आहे, ती पडली होती, तिचा आवाज झालाच होता. तो परत कर. पावलांचंही तेच. पण समज मैत्रीण म्हणाली, दुकान फार ओकंबोकं वाटतंय, मागे थोडी गिऱ्हाइकांची वर्दळ टाकू. तिथे नाही म्हण. ओस पडलेल्या दुकानात गिऱ्हाइकं बोलायला लागली की आण्णांचा धंदा चालत होता असं पटवून दिलं जातं, आणि तो चालत नव्हता म्हणून तर मुलगा रिक्षा चालवतो.

आणि गिरणी. तुम्ही दोघींनी तिला खलनायिका केलं आहे, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुझ्या पत्रानुसार ती तिथे तीस वर्षं आहे. म्हणजे आण्णांनी तीस वर्षं तिच्या घरघरीत हातोडी मारली, तिच्यावरून ओरडून गिऱ्हाइकांशी घासाघीस केली. तू स्टुडिओच्या शांततेत एकेक ठोका टिपून पडद्यावर ठेवलास, मागे निवांत चिमण्या सोडल्यास, तर आण्णा संग्रहालयातल्या काचेमागचे कारागीर होतील. हातोडी नव्याने करणं खोटं नाही, गिरणी पुसून टाकणं खोटं आहे. तिला खाली आण, बंद करू नकोस. आणि वीज गेल्यावर गिरणी थांबायची असं लिहिलंयस, तसा शॉट असेल तर तिथे काहीच भरू नकोस.

खोकला करू नकोस.

कारण थोडक्यात सांगते. हातोडीचा आवाज हातोडीचा असतो, ती कुणीही उचलली तरी. खोकला त्या छातीचा असतो. त्यातून आजार कळतो, वय कळतं, आणि जवळच्या माणसाला तर तो नावाइतकाच ओळखीचा. मुलाला जो 'आवाज' हवा आहे तो हातोडीचा नव्हे. त्याच्या वाट्याला तुझा खोकला आला आणि त्याचे डोळे भरून आले, तर तू उत्तम कलाकार ठरशील आणि पुन्हा त्याच्या रिक्षात बसू शकणार नाहीस.

तेव्हा काम घे, पण अंधेरीत बसून करू नकोस. गावाला जा. जायच्या आधी मैत्रिणीकडून झाडून सगळं मूळ फुटेज माग, फक्त कापून ठेवलेलं नको. शॉट सुरू व्हायच्या आधीची, 'कट' म्हटल्यानंतरची सेकंदं, वाया गेलेले टेक, मुलाखतीच्या मधली शांतता. मुलाखतीचा माइक वेगळा होता म्हणतेस ना, मग खरा खोकला तिथेच कुठेतरी असेल. आण्णा तासभर बोलले आणि एकदाही खोकले नाहीत, हे मला तरी पटत नाही. घरच्यांच्या फोनमध्येही शोध: नातवाच्या वाढदिवसाचे व्हिडिओ, व्हॉट्सअॅपवर पाठवलेले आवाजी निरोप. दर्जा वाईट असेल. असू दे. माहितीपटात खरखरीत आवाज चालतो, कथापटात चालत नाही, एवढा या प्रकाराचा फायदा आहे.

मुलाला आधी भेट, फोनवर उरकू नकोस. कुठले आवाज त्यांचे आहेत आणि कुठले तू करणार आहेस ते त्याच्या भाषेत सांग. मैत्रिणीला हे अवघड वाटेल, फिल्मची जादू जाईल म्हणेल. तिची काळजी मी समजू शकते, पण पहिल्या खेळाला तोच पहिल्या रांगेत बसणार आहे. तो म्हणाला की पावलं नकोत, तर पावलं नकोत. मग त्या शॉटवर आण्णांचं बोलणं येऊ द्या, किंवा नुसती गिरणी.

दुकान अजून रिकामं केलं नसेल तर रेकॉर्डर घेऊन तिथेच बस. गिरणी चालू असताना पाच मिनिटं आणि बंद असताना पाच मिनिटं, काही न करता नुसतं रेकॉर्ड कर. टाळी वाजवून किंवा फुगा फोडून त्या खोलीचा घुमारा घे. पत्र्याचं छप्पर आणि शेणाने सारवलेली जमीन मिळून जो घुमतो तो संगणकात शोधत बसण्यापेक्षा तिथून उचललेला बरा. आण्णांचीच रापी, आरी, हातोडी आणि तोच दगड वापरायची परवानगी माग. चामडं भिजवलेलं आणि कोरडं, दोन्ही घे. ओल्या चामड्यावरचा ठोका बसका येतो हे मी तुला सांगायला नको.

हातोडी मात्र तू मारू नकोस. तू चांगली मारशील, फ्रेमला फ्रेम जुळवशील, सेकंदाच्या चोविसाव्या भागाचीही चूक राहू देणार नाहीस. तरी ती आवाजाच्या माणसाची हातोडी होईल, चप्पल करणाऱ्याची होणार नाही. गल्लीत अजून दोन घरं या कामात आहेत असं लिहिलंयस. त्यांच्यातल्या जाणत्याला लॅपटॉपवर शॉट दाखव आणि त्याला मारू दे. पहिले चार-पाच टेक तो पडद्याकडे बघून बिचकेल. नंतर तो आण्णांच्या हाताकडे बघायला लागेल, कदाचित म्हणेलही, 'हितं त्यांनी पट्टा वळवलाय, आता ठोका हलका पडणार.' ते तुला चार वर्षांच्या अनुभवात कळलं नसतं. त्याला त्या दिवसाची मजुरी द्या आणि श्रेयनामावलीत नाव द्या. फोली करणाऱ्यांची नावं किती बारीक अक्षरांत येतात ते तू रोज बघतेस, निदान तू तरी तसं करू नकोस.

शेवटी पाटीवर एक साधी ओळ असू दे: चित्रीकरणातला आवाज खराब झाल्याने दुकानातले आणि पावलांचे आवाज आण्णांच्या हत्यारांनी त्यांच्याच दुकानात पुन्हा करून घेतले आहेत, त्यांचं बोलणं आणि खोकला त्यांचा आहे. महोत्सवाला फिल्म पाठवताना मैत्रीण ही ओळ काढू बघेल. काढू देऊ नकोस. हे बोलणं काम सुरू करण्याआधी, लेखी, आणि मैत्रीण आहे म्हणून फुकट करायचं की पैसे घ्यायचे हे बोलतानाच होऊ दे. (पैशाबद्दल तू सात पानांत चकार शब्द काढलेला नाहीस, म्हणून आठवण.)

आता बाबा. मी तुमच्या भागात काही वर्षं राहिले आहे. तिथल्या 'की'ला पुण्या-मुंबईच्या कानाने ऐकू नये. 'सगळं खोटंच की गं' यातला 'की' आरोपाचा असेलच असं नाही. जत्रेत जादूगाराच्या टोपीतून कबुतर निघाल्यावरही माणसं तिकडे हेच म्हणतात. तू चार वर्षं तो शेरा म्हणून वागवते आहेस आणि त्यांना एकदाही विचारलेलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर त्यांना पुन्हा बोलावलं असतं आणि या खेपेला पाहुणा म्हणून बसवलं नसतं. जुन्या एसटीचा प्रसंग असलेला एखादा तुकडा लाव आणि विचार, चढावर गिअर बरोबर बदललाय का. ज्याने आयुष्यभर त्या दांड्याशी झटापट केली तो माणूस गप्प बसणार नाही.

तुझ्यासारख्या आणखी तिघा-चौघांची पत्रं पडून आहेत, कुणी जळगावचं, कुणी सावंतवाडीचं, 'या कामात शिरायचं कसं' विचारणारी. त्यांना थोडक्यात. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेत ध्वनीचा अभ्यासक्रम आहे; 2009 मध्ये ऑस्कर मिळालेले रसूल पूकुट्टी तिथलेच. पण फोलीत शिरलेले बहुतेक जण कुणाच्या तरी हाताखाली चपला आणि टोपल्या उचलत शिरतात. घरबसल्या करायचं तर दोन मिनिटांचा एखादा तुकडा घ्या, आवाज पूर्ण बंद करा, आणि आधी फक्त पावलं, मग फक्त कपडे, मग फक्त हातातल्या वस्तू अशा तीन फेऱ्यांत भरा. एकाच फेरीत सगळं करू बघाल तर कुठलंच जुळणार नाही. पंखा बंद करा, फ्रिजचं बटण काढा आणि काम झाल्यावर ते परत लावायला विसरू नका. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं तीन किलो दही गेलं आहे.

मैत्रिणी, एक राहिलंच. अंगणातल्या त्या शॉटमध्ये आण्णांच्या पायातली चप्पल नवी आहे की वापरातली, ते आधी नीट बघून घे. करकर ही नव्या जोडाची मिजास. झिजलेल्या चपलेत ती विरत जाते, कधी तर एकाच पायात उरते. आणि दुसऱ्यांसाठी आयुष्यभर वाजत्या चपला करणारा माणूस स्वतः काय घालून फिरायचा, हे मुलाला विचारायला विसरू नकोस.